डोळ्यांवरचा हात

माझ्या आजीच्या उजव्या हाताला शुक्रवारी रात्री तीन वास यायचे. एक खोबरेल तेलाचा, कारण शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत पाळायच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, दिव्याच्या वाती ती स्वतः वळायची. दुसरा काळ्या मनुकांचा. त्या भिजवून, कुस्करून, फडक्यातून पिळून किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादासाठी, सरबत करायचं, ते कामही तिचंच. आणि तिसरा लसणीचा, जो कितीही हात धुतले तरी जायचा नाही. निजताना हा हात ती माझ्या डोळ्यांवर ठेवायची आणि म्हणायची, "म्हण." मग आम्ही दोघी मिळून म्हणायचो, "शेमा इस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद." हे इस्राएला, ऐक, परमेश्वर आपला देव आहे, परमेश्वर एकच आहे. अर्थ मला पुष्कळ वर्षांनी कळला. तेव्हा कळायचं ते एवढंच, की हा हात डोळ्यांवर आहे तोवर अंधाराला भ्यायचं कारण नाही.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. अलिबागच्या इस्रायल आळीतली, साठच्या दशकातली ही आठवण. मी चार वर्षांची असेन.

परवा माझ्या नातवाने व्हिडिओ कॉलवर मला तीच प्रार्थना म्हणून दाखवली. तो इस्रायलमध्ये अश्दोदला असतो, साडेतीन वर्षांचा आहे. त्याने हात डोळ्यांवर ठेवला खरा, पण बोटं फाकवून. आजी बघतेय की नाही हे मधूनमधून तपासायला हवं ना. शेवटच्या शब्दावर त्याने लांब हेल काढला, "एहाऽऽद." तो हेल काढायचाच असतो, तसा दंडकच आहे. माझी आजीही काढायची. तिला जाऊन पन्नास वर्षं होत आली. तिचा हेल अश्दोदच्या एका चौथ्या मजल्यावरच्या घरातून ऐकू आला आणि मला पुढे बोलवेना.

ठाण्यात ३१ वर्षं बालवाडी चालवलेली बाई मी. लहान मुलांना काय द्यावं, कसं द्यावं, केव्हा द्यावं, हे प्रश्न माझ्या पोटापाण्याचे होते. पालक हेच विचारायचे, बाई, संस्कार कसे करायचे? या प्रश्नाला माझ्याकडे जे काही उत्तर आहे ते मला प्रशिक्षणात मिळालं नाही. ते माझ्या लोकांच्या कहाणीतून मिळालं, आणि तेही फार उशिरा.

ती कहाणी कोकणात सगळ्यांना माहीत आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना तिथेच पुरलं. वाचलेल्यांची लेकरं गावोगाव पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली, आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून 'शनवार तेली' झाली. किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. घरात मराठी, अंगावर नऊवारी. धर्मग्रंथ समुद्राने नेले होते. हिब्रू भाषा जिभेवरून पुसली गेली. हनुक्का नावाचा सण असतो हेही आमच्या पूर्वजांना ठाऊक नव्हतं. मग केव्हातरी दावीद राहाबी नावाचा एक परदेशी यहुदी आला. शनिवारी काम न करणारे हे लोक कोण, म्हणून त्याला कुतूहल वाटलं. त्याने बायकांपुढे मासळी ठेवली, असं सांगतात. बायकांनी खवले आणि पर असलेली मासळी तेवढी उचलली, बाकीची बाजूला सारली. यहुदी धर्मात तेवढीच चालते. त्याला खूण पटली.

कहाणीतलं किती इतिहासाच्या कसोटीला उतरतं हा अभ्यासकांचा प्रांत. मला बालवाडीची बाई म्हणून त्यात वेगळंच दिसतं. इतक्या शतकांच्या विसरण्यातून काय उरलं होतं? शेमा, म्हणजे एक ओळ. शनिवारची सुट्टी. मुलाची आठव्या दिवशी सुंता. ताटात काय घ्यायचं आणि काय नाही, एवढं. यातलं प्रत्येक लहान लेकराला देता येतं, त्याला अक्षर वाचता येत नसताना. पंडित नव्हते, शाळा नव्हती, पोथी नव्हती. जे आईने मांडीवर आणि चुलीपाशी दिलं होतं ते तगलं. जे पुस्तकात होतं ते पुस्तकाबरोबर गेलं.

खवल्यांचा धडा मी स्वतः गिरवला आहे. आमच्या दारात कोळीण यायची. तिने पाटी उतरवली की आजी मला जवळ घेऊन बसायची. बांगडा हातात घेऊन, शेपटीकडून डोक्याकडे माझं बोट उलटं फिरवायची. खरखर लागायची. "लागलं?" "लागलं." "मग आपला." मग रावस, त्याचे खवले मोठे, नखाने उचकटले की रुपयासारखे चमकायचे. पापलेटचे इतके बारीक की बोटाला लागायचेही नाहीत. ते आजी सुरीच्या पात्यावर काढून दाखवायची. एकदा मी पाटीच्या कोपऱ्यातल्या कोळंबीकडे हात नेला. गुलाबी, मिशावाली, कुणालाही खेळावंसं वाटेल अशी. आजी काही बोलायच्या आधी कोळणीनेच पाटी मागे ओढली. "ह्ये तुमच्यात चालत नाय गो पोरी," म्हणाली, आणि माझ्या हातावर एक लहानसा बांगडा ठेवला, बाहुलीएवढा.

तिचा धर्म वेगळा, तिच्या घरी तीच कोळंबी रात्री कालवणात पडणार. तरीही माझ्या घराचं वळण सांभाळायला तिने हात पुढे केला. संस्कार घरात होतात असं म्हणतात. माझ्यावर झालेले निम्मे तरी दारात झाले. शुक्रवारी दिवेलागणीला शेजारच्या काकू आपल्या मुलांना सांगायच्या, "आज तिला खेळायला बोलावू नका रे, त्यांचा दिवा लागलाय." त्यांच्या गणपतीत मी आरतीला टाळ्या वाजवायला उभी असायचे, प्रसाद मात्र आजी घेऊ द्यायची नाही; आणि काकू तो मला देतही नसत, वाटीत शेंगदाणे-गूळ काढून ठेवत. नाकारलं गेल्याची भावना मला कधी आली नाही. चार वर्षांच्या मुलाला 'आपण वेगळे' हे कळू द्यायचं आणि त्याच वेळी 'आपण यांचेच' हेही कळू द्यायचं, ही फार अवघड गोष्ट त्या बायकांनी शेंगदाण्या-गुळावर साधली.

आमच्या सणांची नावंसुद्धा स्वयंपाकघरातून आलेली. खिरीचा सण, बिरड्याचा सण. देवळाच्या विध्वंसाचा उपास वालाच्या बिरड्यावर सुटायचा, म्हणून तो बिरड्याचा सण. यरुशलेमचं देऊळ दोनदा पडलं हे मला पुढे शाळकरी वयात समजलं. पण त्या दिवशी घरात कुणी मोठ्याने हसत नाही, आणि संध्याकाळी सोललेल्या वालांची साल आपण गोळा करायची असते, हे तिसऱ्या वर्षीच समजलं होतं.

निवृत्तीनंतर मी बायकांच्या एका अभ्यासवर्गात बसू लागले. तिथे तालमूदमधले, म्हणजे आमच्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथातले, उतारे समजावून देत. मला वाटलं होतं, कठीण शब्दांच्या डोंगराखाली मी दबून जाईन. पहिल्याच महिन्यात माझ्या धंद्याचीच गोष्ट निघाली. मूल बोलू लागलं की बापाने त्याला शेमा शिकवावा, असं त्यात म्हटलं आहे. पाचव्या वर्षी शास्त्रवाचन सुरू करावं, दहाव्या वर्षी मिश्ना, म्हणजे तोंडी परंपरेच्या नियमांचा ग्रंथ, असा वयाचा हिशेब दुसरीकडे आहे. आणि एका जागी तर राव नावाचे मोठे गुरू एका शाळामास्तराला बजावतात, की सहाच्या आतलं मूल शाळेत घेऊ नकोस. सहानंतर घे, आणि मग बैलाला चारा घालावा तसं भरपूर खाऊ घाल.

मी वही बंद करून बसले. ३१ वर्षं मी आयांशी हेच भांडत आले होते. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊ नका, त्याची बोटं अजून मऊ आहेत, त्याला कणीक मळू दे, चिंचोके निवडू दे. "पण बाई, पलीकडच्या शाळेत एबीसीडी पूर्ण झाली." ऐकून ऐकून मीही कधीकधी नमायचे. बाबिलोनच्या त्या गुरूंनी सतराशेहून अधिक वर्षांपूर्वीच माझी बाजू घेऊन ठेवली होती, आणि मला पत्ता नव्हता.

त्याच पानावर संख्येचाही नियम आहे. एका मास्तरामागे २५ मुलं. ४० झाली की गावाच्या खर्चाने एक मदतनीस द्यावा. माझ्या वर्गात एका वर्षी ४२ होती. मदतनीस बाई अर्धा वेळ. त्या वर्षी मी काही मुलांची नावं दिवाळीपर्यंत चुकवत होते, याची टोचणी मला अजून आहे.

आणि तिथेच एक ओळ येते, ती मी घरी येऊन मराठीत लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. जो वाचतो तो वाचेल. जो वाचत नाही, तो आपल्या सोबत्याला सोबत होईल. म्हणजे न येणाऱ्या मुलाला बाहेर काढायचं नाही. तो वर्गात बसला आहे, हेच त्याचं काम.

मला लगेच एक मुलगी आठवली. पहिले चार महिने ती वर्गात एक अक्षर बोलली नाही. रडायची नाही, हट्ट नाही, डबा खायची, घरी जायची. आई सांगायची की घरी बडबड करते. मी तिच्याशी बोलायचा खूप प्रयत्न केला, आणि आता मला वाटतं, तोच जरा जास्त झाला. शेवटी थकून मी तिला विचारणं सोडलं. रोज दुपारी परातीत चिंचोके घेऊन तिच्या शेजारी जमिनीवर बसू लागले. चांगले एका वाटीत, फुटके दुसऱ्या वाटीत. ती आधी बघायची, मग हळूहळू निवडू लागली. तिच्या डाव्या हाताची करंगळी सतत वर असायची, एखादी बाई चहाचा कप धरते तशी. दहा-बारा दिवस असे गेले. एक दिवस मी फुटका चिंचोका चुकून चांगल्यांत टाकला. तिने तो उचलला, माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "हा फुटकाय."

मी "हो गं" म्हटलं आणि निवडत राहिले. उठून नाचावंसं वाटत होतं.

पेसाहच्या रात्री आमच्याकडे हगादा वाचतात. मिसर देशाच्या गुलामीतून सुटल्याची कथा. सगळ्या वर्षातली हीच एक रात्र अशी, की ती मुलाच्या प्रश्नाशिवाय सुरूच होत नाही. घरातलं सगळ्यांत लहान मूल उठून विचारतं, आजची रात्र बाकीच्या रात्रींहून वेगळी का? मोठी माणसं उत्तर द्यायला बांधलेली. आमच्या लोकांनी ही हगादा मराठीतही छापून घेतली. मुंबईत १८४६ साली, मग पुण्यात १८७४ साली, चित्रांसकट. पुण्याच्या पोथीत बिनखमिराची भाकर करणाऱ्या बायका आहेत, त्यांच्या अंगावर लुगडी आहेत. त्या चित्राची छापील प्रत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला आमच्या स्वयंपाकघरातल्या बायकाच बसल्यासारख्या वाटल्या.

या हगादेत चार मुलगे येतात. एक शहाणा, एक दुष्ट, एक भोळा, आणि चौथा, ज्याला प्रश्न विचारताच येत नाही. चौघांना चार वेगळी उत्तरं. पहिल्या तिघांना ते बोलतील त्यावरून उत्तर द्यायचं. चौथ्याबद्दल म्हटलं आहे, तू त्याच्यासाठी उघड. म्हणजे तो विचारायची वाट बघू नकोस, तूच दार उघड. हिब्रूत इथे 'तू' हा शब्द स्त्रीला म्हणतात तसा आला आहे. त्यावर जुन्या जाणत्यांनी म्हटलंय, की जो विचारू शकत नाही त्याच्याशी आईच्या मऊपणाने बोलायचं. मी ते ऐकलं आणि चिंचोक्यांची परात डोळ्यांपुढे आली. मी तेव्हा काही ठरवून केलं नव्हतं, थकले होते म्हणून गप्प बसले होते. पण दार उघडलं ते तिथेच.

आता जे सांगणार आहे ते सांगायला जड जातं. माझा मुलगा, आज जो त्या नातवाचा बाप आहे, तेव्हा चार वर्षांचा होता. त्याला इंजेक्शन द्यायचं होतं. दवाखान्याच्या पायरीवर तो अडून बसला. "सुई टोचणार का?" मला कामावर जायची घाई होती. मी म्हटलं, "नाही रे, डॉक्टर नुसतं बघणार. आणि येताना आपण चौपाटीवर जाऊ." सुई टोचली. चौपाटीला गेलो नाही, मला उशीर झाला होता. तो सुईला रडला नाही. रस्ता ओलांडताना मी नेहमीसारखा हात पुढे केला, तर त्याने आपले दोन्ही हात चड्डीच्या खिशात घातले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही.

तालमूदमधले एक गुरू, रब्बी झेरा म्हणतात, मुलाला काही देईन म्हणून सांगावं आणि देऊ नये असं करू नका, कारण त्यातून ते खोटं शिकतं. हे वाक्य वर्गात वाचलं गेलं तेव्हा माझा मुलगा चाळिशीला आला होता. त्या रात्री मी त्याला फोन करून विचारलं, तुला आठवतं का? त्याला आठवत नव्हतं. तो हसला. "आई, तू हे इतकी वर्षं धरून बसलीस?" धरून बसले होते खरी. खरं बोलावं ही शिकवण मी त्याला शंभरदा दिली असेल, गोष्टींतून, गाण्यांतून. पण त्या दोन खिशांत गेलेल्या दोन हातांनी त्या दोन दिवसांत काय शिकलं असेल, ते मला आता कधीच कळणार नाही. पुढे बालवाडीत कुणाला लस द्यायची असली की मी आधी सांगायचे, "टोचेल. मुंगी चावते तेवढं. मी हात धरून ठेवेन." मुलं रडायची, आणि माझा हात सोडायची नाहीत.

गेल्या हिवाळ्यात तीन महिने मुलाकडे राहून आले. नातवाच्या गानमध्ये, म्हणजे बालवाडीत, शुक्रवारी सकाळी 'शब्बाथचं स्वागत' असतं. आजी-आजोबा गेले तर आनंदाने बसवून घेतात. दर आठवड्याला एक मुलगी 'शब्बाथची आई' होते आणि एक मुलगा 'शब्बाथचा बाबा'. तिच्या डोक्यावर पांढरी जाळीची ओढणी, त्याच्या डोक्यावर टोपी. मधोमध बसकं टेबल, त्यावर मेणबत्त्या, द्राक्षाचा रस, आणि भरतकाम केलेल्या रुमालाखाली झाकलेली हाल्ला, म्हणजे शब्बाथचा पाव. आधी एक डबा फिरतो. प्रत्येक मूल त्यात एक नाणं टाकतं. हे सदाकाचं, गरजूसाठी. टाकल्यावर प्रत्येक जण डबा हलवून कानाशी लावून बघत होता आणि बाई कुणालाही घाई करत नव्हत्या. एकेक मूल नि एकेक खुळखुळाट, पूर्ण होईपर्यंत थांबायचं. मी घड्याळ पाहिलं, अकरा मिनिटं लागली. माझ्या ४२ मुलांच्या वर्गात मला हे जमलं नसतं, पण बघताना मन निवलं.

त्या दिवशी माझ्या नातवाची पाळी नव्हती. त्याने उठून त्या मुलीची ओढणी ओढली. ती रडायला लागली. मी जागेवर चुळबुळले. माझ्या तोंडात "सॉरी म्हण" आलंच होतं. बाई त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या. त्यांनी त्याला फक्त त्या मुलीकडे बघायला सांगितलं. तो बघत राहिला. बराच वेळ. मग ओढणी उचलून तिच्या डोक्यावर ठेवायला गेला, ती वाकडी बसली, तिने स्वतः सरळ केली. बाईंनी हाल्लावरचा रुमाल धरायला त्याला दिला आणि गाणं पुढे सुरू झालं. 'सॉरी' हा शब्द कुणीच उच्चारला नाही.

हिब्रू पंचांगातल्या शवात महिन्याच्या पंधराव्या दिवशी झाडांचं नवं वर्ष असतं. आमच्यासाठी तो एलियाहू हानाबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याचा, दिवस. अलिबागजवळ सागावला खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, तिथूनच तो स्वर्गाला गेला अशी आमची श्रद्धा. लहानपणी बैलगाडीने तिथे जायचो, नवस फेडायला, आणि मलिदा करायचो. गानमध्ये बाईंनी विचारलं, तुमच्याकडे या दिवशी काय करतात? मी मलिद्याचं सांगितलं. घरून करून आणलेलं तिथे चालत नाही, बंद पाकिटातलं आणि कोशेरचा, म्हणजे आमच्या धर्मनियमाला चालतं असा, शिक्का असलेलंच लागतं. मुलाने दोन दुकानं हिंडून तसे पोहे मिळवले. नारळ मुलांसमोर फोडला. कुणाची आजी मोरोक्कोची, कुणाचे आईबाप रशियातून आलेले, दोन जुळ्या बहिणी इथिओपियाच्या घरातल्या. नारळ फुटल्यावर आत पाणी असतं हे त्यांतल्या पुष्कळांना ठाऊक नव्हतं. एकच आरडाओरडा.

परातीत भिजवलेले पोहे, खवलेलं ओलं खोबरं, साखर, वेलची, मनुका. आता यात हात घालून कालवायचं, असं मी खुणेने सांगितलं. वीस हात एकदम पुढे आले. तेवढ्यात माझा नातू खुर्चीवर चढला आणि खणखणीत मराठीत ओरडला, "हात धुवा आधी!"

घरात दिवसातून दहा वेळा मी त्याला हेच म्हणते. माझ्याकडून त्याने उचललेलं पहिलं पूर्ण मराठी वाक्य ते. कुणाला कळलं नाही, म्हणून त्याने दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून दाखवले. मग सगळे त्याच्यामागे नळाकडे पळाले, "हातदुवा, हातदुवा" करत. परत येऊन मलिदा कालवला, मी एलियाहू हानाबीचं गाणं म्हटलं, झाडाच्या फळाचा आशीर्वाद बाईंनी म्हणवून घेतला, आणि खोबरं जमिनीभर झालं. दुसऱ्या दिवशी शब्बाथ नव्हता, नाहीतर शब्बाथ लागायच्या आत ते झाडताना माझी पंचाईत झाली असती.

या मुलांसमोर बसलेली असताना मला माझा एक काका आठवत होता. साठच्या दशकात तो इस्रायलमधल्या दिमोनाला गेला. लग्न करायला गेला तर धर्मपीठाच्या लोकांनी बेने इस्राएलांच्या यहुदीपणाची चौकशी करायचं म्हटलं. आमच्या लोकांनी धरणं धरलं. १९६४ साली ते सर्वार्थाने यहुदी आहेत असं जाहीर झालं. शतकानुशतकं ज्यांच्या आयांनी पोथीशिवाय शेमा जपला, त्यांना कागद दाखवायला सांगितलं, हे दुःख काकाच्या पत्रांतून आमच्या घरात आलं होतं. त्याच देशातल्या एका गानमध्ये साठ वर्षांनंतर वीस मुलं मलिदा चाटत होती.

चिंता आहे, ती नाही असं म्हणणार नाही. भारतात आता आमची चार-पाच हजार माणसं उरली. ठाण्याची सिनेगॉग, आमचं प्रार्थनामंदिर, १८७९ ची, शनिवारी तिथे मोठी माणसं दिसतात, लहान मुलं बोटावर मोजण्याइतकी. पोरांसाठी हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७५ साली मुंबईत शाळा काढली, मराठीबरोबर हिब्रूही शिकवली, म्हणून माझ्या आजोबांच्या पिढीला अक्षर मिळालं. माझ्या नातवाला हिब्रूचं अक्षर आयतं मिळेल. त्याच्या मुलांना "हात धुवा" मिळेल का, मला ठाऊक नाही. म्हणून मी दर शुक्रवारी फोन करते आणि मराठीतच बोलते. तो हिब्रूत उत्तर देतो. कधी मधे एखादा शब्द माझा निघतो. खोबरं. पाणी. थांब. मी जाणूनबुजून एकेक शब्द पेरत असते, कोळणीने हातावर बांगडा ठेवावा तसा.

फोन सूर्यास्ताच्या आधी करावा लागतो. दिवा लागला की मी फोनला हात लावत नाही. ठाण्यात सूर्य त्यांच्याआधी दोन-तीन तास मावळतो, हे त्याला गेल्या महिन्यात बापाने समजावून सांगितलं, संत्रं आणि टॉर्च घेऊन. तेव्हापासून त्याचा प्रश्न ठरलेला.

"आजी, आला का शब्बाथ तुझ्याकडे?"

"येतोच आहे. वाती वळून झाल्या. बघ." मी हात कॅमेऱ्यासमोर धरते, तेलकट बोटं दाखवते.

तो वाकून बघतो, अगदी नाक काचेला लागेपर्यंत. मग म्हणतो, या वेळी मात्र मराठीत, "तुझं झालं की इकडे पाठव."